खळ्यावरची जपानी

कापलेल्या भाताचा वास उभ्या भातापेक्षा वेगळा असतो. उभ्या भाताला दुधासारखा, किंचित गोड वास येतो. ते कापून आडवं झालं आणि त्याच्यावरून एक ऊन गेलं, की त्यात तापलेल्या मडक्याचा वास मिसळतो. दसरा होऊन गेला आहे. सकाळी डोंगराच्या अंगाला धुकं असतं, ते हळूहळू उठतं आणि शेतात वाकलेल्या पाठी दिसू लागतात. मी कापणीसाठी घरी आले आहे. विळा आता हातात पूर्वीसारखा बसत नाही. आई जरा वेळ बघते आणि म्हणते, "सवी, तू कागदाची झालीस." शेजारच्या बायका हसतात. मीही हसते आणि पुढचा मूठभर भात धरते.

यंदा या वासाशी आले की मला मध्येच थांबावं लागतं. हेमाबाई, आमच्या शाळेतल्या बाई, भादव्यात गेल्या. आजार लांबला होता, त्यामुळे कोणाला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. पण माणूस गेल्यावर तो हंगाम परत येतो ना, ज्या हंगामात ते माणूस आपल्याला खरं भेटलं होतं, तेव्हा ते गेल्याचं कळतं. मला आत्ता कळतं आहे. बांधावर बसून पाणी पिताना कळतं, भारा बांधताना कळतं.

मी सातवीत होते तेव्हा बाईंनी आमच्या शाळेत जपानी शिकवायला घेतलं. सुरुवात आषाढात झाली असणार, कारण पहिल्या दिवशी छत गळत होतं आणि आम्ही सगळे एका कोपऱ्यात गोळा झालो होतो. पण मला तो वर्ग नेहमी कापणीच्या उन्हातच आठवतो.

आमची शाळा तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरात. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे शिजवायची शेड. बाई समुद्राकडच्या, वरोरच्या. एसटीने तलासरी, तिथून टमटम, आणि टमटमवाल्याने पुढे यायला नकार दिला तर चालत. त्यांच्या पिशवीला सुक्या मासळीचा वास यायचा आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नसे. त्या पहिल्या दिवशी फळ्यावर त्यांनी एक अक्षर काढलं. एक रेघ खाली आली आणि टोकाला वळली.

"हे काय आहे?"

"विळा," कोणीतरी म्हणालं.

"आमच्या गावात याला गळ म्हणतील. मासे धरायचा गळ. जपानमध्ये याला 'शि' म्हणतात."

जपान कुठे आहे हे आम्हाला नकाशात माहीत होतं, म्हणजे परीक्षेत विचारलं तर दाखवता आलं असतं एवढंच. मागून कोणीतरी धीर करून विचारलं, "बाई, जपानी कशाला?"

बाईंचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. "इंग्रजीत तुम्ही लाजता. तुम्हाला वाटतं, शहरातली मुलं पुढे गेली, आपण मागे राहिलो. या भाषेत सगळे सारखेच अडाणी. मीसुद्धा."

आणि ते खरंच होतं. बाईंना जपानी येत नव्हतं. त्यांची कॉलेजची मैत्रीण रश्मीताई पुण्यात जपानी शिकवायची. ती रोज संध्याकाळी फोनवर बाईंना शिकवायची, आणि दुसऱ्या दिवशी बाई ते आम्हाला शिकवायच्या. कधी कधी आमच्या प्रश्नाला त्या सरळ म्हणायच्या, "इथपर्यंत मी अजून आले नाही. उद्या सांगते." शिक्षक असं बोलू शकतो हे आम्हाला नवीन होतं. आम्ही त्यांना उद्याची आठवण करून द्यायचो आणि त्या खरोखरच उत्तर घेऊन यायच्या.

शनिवारी रश्मीताई स्वतः फोनवर यायची. शाळेत रेंज नव्हती. शेडच्या मागे एक कातळ होता, त्यावर चढलं की यायची. आम्ही सगळे कातळाभोवती बसायचो. फोनचा आवाज बारीक, म्हणून बाई तो महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलेल्या स्टीलच्या ग्लासात उभा ठेवायच्या. मग आवाज घुमून बाहेर यायचा. एकदा पहिलीतला एक पोर कातळावर चढला, ग्लासात डोकावला आणि खाली येऊन सगळ्यांना सांगत सुटला, "जपानी ग्लासात राहतात! बारकी असतात!" पुढे कितीतरी दिवस कोणी पाणी प्यायला ग्लास उचलला की बाकीचे ओरडायचे, "बघून पी, आत माणूस असेल!"

आम्हाला घरी वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि टीव्हीवर हिंदी. हे आम्हाला कधी विशेष वाटलं नव्हतं. पाऊस पडतो तशा भाषा असतात, असं वाटायचं. बाईंनी एकदा फळ्यावर या चार भाषांची नावं लिहिली आणि विचारलं, "यातल्या किती तुम्हाला येतात?" सगळ्यांनी हात वर केले. त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला तुमच्या वयाला दोनच येत होत्या." आपल्याजवळ काहीतरी आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी घरी जाऊन आजीशी वारलीत बोलले आणि स्वतःचंच बोलणं ऐकत राहिले.

जपानमधल्या चालीरीती बाई सांगायच्या तेव्हा गंमत व्हायची. तिथली मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात, असं त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सकाळचा झाडू कोणाच्या हातात असतो? घरात शिरताना चप्पल बाहेर काढतात म्हणाल्या, तर एक जण म्हणाला, "चप्पल असली तर." बाई मनापासून हसल्या. जेवायच्या आधी हात जोडून एक शब्द म्हणतात, "इतादाकिमास." मी हे आदराने घेते, असा त्याचा साधारण अर्थ. खिचडी वाढणाऱ्या सोमीमावशीला हा प्रकार फार आवडला. आम्ही तो शब्द म्हटल्याशिवाय ती डाव उचलायची नाही. "बोला बोला," म्हणायची, "माझी खिचडी फुकटची नाय."

वाकून नमस्कार करायची सवय तर अंगातच गेली. मी घरी आले आणि दारातच आत्याला कमरेतून वाकून नमस्कार केला. आत्या घाबरून खाली बघायला लागली. "काय पडलं ग तुझं? नाणं पडलं का?" आणि तीही माझ्याबरोबर वाकून शोधू लागली.

हे सगळं चाललं असताना मोजणी आली.

वेवजीच्या बाजूने आधी बातमी आली, मग माणसं आली. तीन पायांची दुर्बीण, लाल-पांढरी काठी, डोक्यावर टोप्या. नवी वेगवान रेल्वे इकडून जाणार, तिची रेघ कुठून जाईल ते बघत होते. त्या गाडीचं तंत्र जपानचं आहे, हे कोणीतरी बाजारात ऐकलं. शाळेत पोरं जपानी शिकतात, हे सगळ्यांना माहीत होतंच. या दोन गोष्टी जोडायला पाड्याला एक संध्याकाळ पुरली. पोरांना शिकवून ठेवायचं, मग ते लोक येणार, पोरांकडून घराघरात काय ते विचारणार, आणि जमिनी जाणार. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. ज्यांच्याकडे जमिनीशिवाय काही नसतं त्यांना जमिनीच्या बाबतीत प्रत्येक योगायोग खरा वाटतो.

बाबा त्या संध्याकाळी घरी आले आणि मला म्हणाले, "त्या वर्गात बसायचं नाय."

"बाबा, ती फक्त भाषा हाय."

"कोणाची हाय?"

बाबा रागीट नव्हते. ते मोठ्याने बोलले असते तर मी भांडले असते. ते चुलीजवळ बसून विळ्याला धार लावत राहिले. मी शाळेत जाणंच बंद केलं. तशीही कापणी लागली होती, कापणीत निम्मी पोरं शेतातच असतात.

मी भात कापत होते आणि मनात शब्द म्हणत होते. भाताच्या शेताला जपानीत 'तान्बो' म्हणतात, तांदळाला 'कोमे'. रश्मीताईने मागच्याच शनिवारी ग्लासातून शिकवले होते. तान्बो म्हणत मी मूठ धरायची, कोमे म्हणत कापायची. आई म्हणाली, "काय पुटपुटतेस? मंत्र घालतेस का भाताला?" पुढचे शब्द मला येणार नव्हते. वर्ग पुढे जाणार होता आणि मी तान्बोवरच थांबणार होते. एवढं एक दुःख मी त्या वयात ओळखलं होतं.

बाई एका दुपारी शेतात आल्या. मला वाटलं, आता बाबांशी वाद घालणार. त्या आल्या, बांधावर चपला काढल्या, आईच्या हातातला विळा मागून घेतला आणि कापायला लागल्या. त्यांना येत नव्हतं. समुद्राकडची बाई, बागेत आणि माशात वाढलेली. भात उंच कापत होत्या, अर्धा पेंढा शेतातच राहत होता. बाबा जरा वेळ बघत राहिले आणि मग न राहवून म्हणाले, "बाई, खालून. मुळाशी." बाईंनी खालून कापलं. मग विळा टेकवून बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "देवूभाऊ, ते मोजणीवाले आले तेव्हा तुम्ही त्यांना काय विचारलंत?"

"काय इचारणार? ते आपसात बोलत होते."

"उद्या कोणी मोठा साहेब आला, तर त्याला तुमच्या वतीने कोण विचारणार?"

बाबांनी पुढची मूठ धरून कापली.

"मी तिला त्यांच्यासाठी नाही शिकवत," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी शिकवते."

"बघू," बाबा म्हणाले. बाबांचं 'बघू' म्हणजे 'नाही'च्या जवळचं काहीतरी असायचं. बाई उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी नंतर खूप वर्षांनी त्यांना त्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, "तुझ्याकडे पाहिलं असतं तर तू रडली असतीस, आणि तुझ्या बाबांना वाटलं असतं, आपण दोघींनी आधीच ठरवलं होतं."

आज दुपारी मी त्याच बांधावर बसले होते. बांध आता थोडा खचला आहे. माणसाची बसायची जागा राहते आणि माणूस राहत नाही, हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. पण तिथे बसलं की मनात पुन्हा नव्याने येतं.

बाई शेतात आल्या त्याच आठवड्यात पाहुणी आली. बाईंनी ते आधीच ठरवलं होतं, मोजणीच्याही आधी. पुण्यात रश्मीताईच्या ओळखीच्या एक वयस्कर जपानी बाई राहत होत्या, फुमिको-सान, म्हणजे फुमिकोबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलाकडे आलेल्या. डोंगरातली मुलं आपली भाषा शिकतात हे ऐकून त्यांना भेटायचं होतं. बाईंनी भेट पुढे ढकलायला हवी होती, असं नंतर सगळे म्हणाले. बाईंना ते पटत नव्हतं. "घाबरून ढकललं असतं तर लोकांना वाटलं असतं, काहीतरी लपवतो आहोत."

मी खळ्यावर होते. पाड्याच्या सामाईक खळ्यावर झोडणी चालू होती. भारे फळीवर आपटल्याचा आवाज, उडणारी धूळ, अंगाला लागणारी कुसळं. तेव्हा शाळेकडून ती मंडळी चालत आली: पुढे वर्गातली पोरं, मागे बाई, रश्मीताई, आणि त्यांच्यामध्ये एक लहानखुरी, पांढऱ्या केसांची बाई, डोक्याला टॉवेल बांधलेली. आमच्याकडे पाहुणा आला की तो चित्रं मागतो. भिंतीवरची चित्रं दाखवा, कागदावर काढून द्या. ही बाई चित्रांचं काही बोलली नाही. ती सरळ खळ्याच्या कडेला आली, खाली बसली, झोडलेल्या भाताचे चार दाणे तळहातावर घेतले आणि नाकाजवळ नेले. तिचे डोळे मिटले.

हेमाबाईंना भरून आलं असावं. त्या सोमीमावशीला म्हणाल्या, "मावशी, आज खिचडी नको. यांना नव्या तांदळाचा भात करून घालू."

झोडणीचा आवाज थांबला.

बाईंना ठाऊक नव्हतं. समुद्राकडच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? आमच्याकडे नवं होईपर्यंत नवा दाणा कोणी तोंडात घालत नाही. कणसरी, म्हणजे आमची धान्याची आई, तिला आधी द्यायचं, मग पूर्वजांना, मग आपण. त्याचा दिवस भगत ठरवतो. आमचे भगत जान्याआजा खळ्याच्या मेढीला टेकून बसले होते. ते उठले.

"बाई, नवं झालं नाय."

बाईंचा चेहरा पडला. "चुकलं आजा. मला माहीत नव्हतं."

"तुमचं नाय चुकलं. पण तिला सांगा. तिला कळू दे, आम्ही भाताला नाय म्हणतो ते का."

रश्मीताई पुढे झाली, सांगायला. आजांनी हात वर केला. "तुम्ही नको. तुम्ही पाहुण्याबरोबर आलात, पाहुण्याच्याच. आमची पोर शिकली ना? आमची पोर सांगेल." आणि त्यांनी वर्गातल्या पोरांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "देवूची पोर कुठंय? ती शेतात पुटपुटत असते म्हणे."

मी पेंढ्यात उभी होते, केसांत कुसळं, हातात सूप. बाबा माझ्या शेजारी होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. बस, एवढंच.

मी पुढे गेले आणि वाकले. मला येणारे शब्द हातात मोजून घ्यावेत इतके कमी होते. कोमे होतं. आई होतं. आधी आणि नंतर होतं. आज आणि उद्या होतं. मी भाताकडे बोट केलं, मग आभाळाकडे, मग जमिनीकडे, कारण कणसरी नेमकी कुठे असते ते मला माहीत नव्हतं. म्हणाले, हा कोमे, आधी आई. आम्ही नंतर. आज नाही. आज कोणीच नाही.

फुमिको-सान ऐकत होत्या. माझं थांबणं, अडखळणं, परत सुरू करणं, सगळं. मग त्या हळू, अगदी सुटे सुटे शब्द करून बोलल्या, लहान मुलाला घास भरवावा तसे. मला कळलं! आणि मला कळलं याचंच मला इतकं नवल वाटलं की मी सांगायचं विसरले.

"काय म्हणते?" आजा म्हणाले.

"ती म्हणते, तिच्या घरी पण तसंच. आधी देवाला. ती म्हणते, मी थांबेन."

खळ्यावर बायकांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "अगं, म्हणजे माणसातलीच हाय."

मला वाटलं झालं. पण बाबा पुढे आले. घाम आणि धूळ, खांद्यावर पंचा. ते पाहुणीकडे न बघता माझ्याशी बोलले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता हे इचार. जमिनीसाठी आलीस का, म्हणावं."

रश्मीताईने हेमाबाईंकडे पाहिलं. पाहुण्या बाईला असं तोंडावर विचारायचं? बाई मला थांबवू शकल्या असत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली, विचार म्हणून.

जमिनीसाठी शब्द मला येत नव्हता. मला एकच शेत येत होतं. मी म्हणाले, "तान्बो, होशिइ देसुका?" शेत हवं आहे का तुम्हाला?

फुमिको-सान माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाबांकडे बघितलं. त्यांना कळलं असावं, प्रश्न कोणाचा आहे. त्या बाबांपुढे वाकल्या, माझ्यापुढे नाही. आणि पुन्हा तसेच सुटे शब्द.

"नाही म्हणते," मी म्हणाले. "म्हणते, तिच्या बाबांचं शेत होतं. भाताचंच. आता तिथं रस्ता हाय."

मग जान्याआजांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज अगदी बदलला होता, "मग आता भात कुठून खाते?"

मी विचारलं. उत्तर आलं. "विकत."

"विकतचं," आजा म्हणाले. त्यांनी मान हलवली, कोणाच्या घरी वाईट झालं की हलवतात तशी. "सांग तिला, परवा नवं करतो. दोन दिवस काढ म्हणावं आमच्यात. आमचं विकतचं नाय."

त्या खरोखर थांबल्या. सोमीमावशीच्या घरी राहिल्या. नव्याच्या दिवशी पळसाच्या पानावर त्यांना भात वाढला आणि त्यांनी हात जोडून तो शब्द म्हटला, तेव्हा सगळ्या पोरांनी एकदम त्यांच्याबरोबर म्हटला, आणि सोमीमावशीने शाळेतल्यासारखा डाव उचलला. संध्याकाळी तारपा वाजला. त्या फेरात नाचल्या, पाय चुकवत, हसत. जाताना हेमाबाईंचे दोन्ही हात धरून त्या बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. काय ते बाईंनी मला कधी सांगितलं नाही. म्हणाल्या, "ते माझं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनीच मला शाळेच्या पडवीपर्यंत आणून सोडलं. बाईंना म्हणाले, "हिला पुढं शिकवा. मधले दिवस बुडलेत तेवढे भरून काढा." जणू ते दुसऱ्याच कोणीतरी बुडवले होते.

खरं ते सांगायला हवं. आमचं शेत राहिलं, कारण रेघ आमच्यापासून बाजूला गेली. भाषेचा त्याच्याशी काही संबंध नाही. पलीकडच्या पाड्यातल्या काहींची जमीन गेली आणि आता तिथे मोठाले खांब उभे आहेत. कापणी करताना पाठ सरळ केली की ते दिसतात. माझ्या त्या एका प्रश्नाने काही थांबलं नाही. पण त्या दिवसानंतर आमच्या पाड्यात कोणी मोठा माणूस आला की त्याला प्रश्न विचारतात. मोडक्या हिंदीत, गुजरातीत, मराठीत. अडखळत विचारतात, पण विचारतात. मला याचा अभिमान आहे, आणि त्यातला बाईंचा वाटा मी त्यांना जिवंतपणी नीट दिला नाही असं वाटतं. त्या म्हणाल्या असत्या, "पुरे ग."

पुढे मी शिकत राहिले. बारावी, मग डहाणूला कॉलेज, जपानीच्या परीक्षा एकेक. दर परीक्षेनंतर मी वरोरला बाईंकडे जायचे. त्या ओट्यावर बसून बोंबील साफ करत असायच्या आणि माझ्याकडून नवे शब्द म्हणवून घ्यायच्या. कधीतरी मी त्यांच्या पुढे गेले. कधी ते मला ठाऊक नाही, त्यांना ठाऊक असणार. त्या अचानक विद्यार्थिनीसारख्या प्रश्न विचारू लागल्या होत्या. आता मी हद्दीपलीकडे, गुजरातमधल्या एका कारखान्यात दुभाषी आहे. दोन बाजूंची माणसं यंत्रावर वाकून बोलत असतात आणि मी मध्ये उभी असते. मला ते काम आवडतं. कोणी कठीण प्रश्न टाळायला लागलं की मी तो मऊ करत नाही. जसा आहे तसा पोचवते.

बाई गेल्यावर शाळेत शोकसभा झाली. पडवीत सतरंजी, फोटोला झेंडूचा हार. आत्ताचे मुख्याध्यापक चांगलं बोलले. शेवटी म्हणाले की बाईंनी इतकी वर्षं चालवलेला जपानीचा वर्ग आता नाइलाजाने थांबवावा लागेल, शिकवणारं कोणी नाही. बायका डोळे पुसत होत्या. मागे, खांबाजवळ, बाबा बसले होते. ते उठले. बाबा सभेत कधी बोलत नाहीत.

"थांबवू नका," ते म्हणाले. "माझी पोर हाय ना."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मला बाबांनी विचारलं नव्हतं, माझी नोकरी, माझी सुट्टी, काही नाही. ते खाली बसले आणि पंच्याने तोंड पुसलं. मी म्हणाले, "शनिवारी येईन."

आता मी शनिवारी येते. वर्गात बारकी-मोठी मिळून बरीच मुलं असतात. काहींच्या घरची जमीन त्या खांबांखाली गेली आहे. मागच्या शनिवारी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पलीकडच्या पाड्यातला, सहावीतल्या चैतीचा बाप. हाताची घडी, चप्पल पायातच.

"बाई," तो म्हणाला. मला कोणी बाई म्हटलं की मी अजून मागे वळून बघते. "हे जे चाललंय, ते कोणासाठी? आमचं तर घेऊन झालं त्यांचं. आता पोरी कशाला पायजेत?"

मला त्याला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. खळं, फुमिको-सान, माझे बाबा. पण त्याला माझी गोष्ट ऐकायची नव्हती.

"आत या," मी म्हणाले. "मी नाही सांगत. तुमची पोर सांगेल."

तो घुटमळला. मग चप्पल काढून सतरंजीच्या टोकाला बसला, उठायच्या तयारीत असल्यासारखा. चैती उभी राहिली. तिच्या कानामागे खळ्यावरची कुसळं अडकली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. तिने बापाकडे तोंड केलं, वाकली आणि जपानीत बोलायला लागली. माझं शेत इथे होतं. शेजारी ओढा होता. माझे बाबा तिथे भात आणि वरच्या अंगाला नागली लावत. माझ्या बाबांचं नाव लखमा. त्यांना बैलाचा आवाज काढता येतो. यातलं एकही वाक्य मी तिला दिलेलं नव्हतं.

त्याला त्यातलं फक्त आपलं नाव कळलं. ते आलं तेव्हा त्याने मान वर केली. शेजारचा मुलगा अर्थ सांगायला लागला, तर लखमाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं आणि पुढे ऐकायला लागला.